दोन-चाळीसची गाडी

"वाच," मामा म्हणाले.

मी टायमरवर वाकले. "दोन-एकेचाळीस."

"परत लाव."

मी ट्रॅकच्या टोकाहून गाडी उचलून आणली. तिची मागची चाकं चिकटपट्टीवर टेकवून कचरा काढला आणि ती रेषेवर लावली. मामांनी हातातलं बटण दाबलं. वीतभर लांबीची ती गाडी खाचेतून सरळ सुटली आणि गोदामाच्या पार त्या अंगाला उशीवर जाऊन आदळली.

"वाच."

"दोन-चाळीस."

"परत."

"दोन-चाळीस."

"हं," मामा म्हणाले. एवढं 'हं' त्यांच्या तोंडून निघायला सगळा हिवाळा गेला होता.

मामा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. आमच्या कोल्हापूरकडं सासऱ्याला मामाच म्हणतात, आणि पुढं पुढं सगळा क्लबच त्यांना मामा म्हणायला लागला. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढून ते निवृत्त झाले. नंतर सासूबाई गेल्या. माझा नवरा शीतल (आमच्या जैनांत हे पुरुषाचंही नाव असतं) नोकरीसाठी मस्कतला गेला, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी एका शाळेत चित्रकला शिकवत होते. सासऱ्याशी तुझं इतकं कसं जमतं, असं शेजारच्या बायका विचारायच्या. मी म्हणायची, भांडण सोडवायला तिसरं माणूस नाही, मग भांडून काय करायचं?

आता खेळाबद्दल सांगते. शाहूपुरीत आप्पा शेट्यांचं गुळाचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, चांगलं लांबलचक. आप्पांना गाड्यांचा नाद. त्यांनी तिथं फळ्या जोडून सरळ ट्रॅक मांडला. त्यात शेजारी शेजारी दोन खाचा, खाचांच्या कडेनं तांब्याच्या पट्ट्या आणि पट्ट्यांतून वीज. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसवायची, बटण दाबायचं, गाडी पळते. वळण नाही की वळसा नाही. गोदामाला अजून गुळाचा वास यायचा आणि शर्यतीआधी खाचेतल्या मुंग्या ब्रशनं झाडाव्या लागायच्या. मामा मधुमेहाच्या गोळ्या खात, आणि गोदामात पाय ठेवला की आधी गुळाचा खडा तोंडात टाकत. नातवंडं खेळवायच्या वयाची ही माणसं दर रविवारी दुपारी तिथं जमायची आणि वीतभर गाड्यांसाठी गळ्याच्या शिरा ताणून भांडायची.

पण जोरात पळेल तो जिंकेल, अशी ही शर्यत नव्हती. ही बोलीची शर्यत. आपली गाडी किती वेळात पोचणार ते आधी बोलायचं. दोन-चाळीस म्हणजे दोन सेकंद आणि वर चाळीस शतांश. आप्पा ते पाटीवर खडूनं लिहीत. ज्याची गाडी हळू, त्याचा हिरवा दिवा तेवढ्या फरकानं आधी लागायचा, म्हणजे दोघांनी शब्द पाळला तर दोघं एकदमच पोचावीत. मात्र बोललेल्या वेळेपेक्षा गाडी लवकर पोचली, तर बाद. म्हणून गाडीनं बोललेलं पाळायचं आणि माणसानं दिव्याबरोबर सुटायचं, यात सगळा खेळ. टायमर गाडी हलल्यापासून मोजायचा. माणूस दिव्यावर झोपला तर तो दोष गाडीच्या वेळेत दिसत नसे, पण शर्यत जायची.

"जोरात पळणारी गाडी इकत मिळती," मामा म्हणत. "शब्द पाळणारी करावी लागती."

आणि दिव्यावर तर मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. रेषेजवळ आप्पांनी पत्र्याचा एक डबा ठेवला होता. त्याला स्कूटरचे जुने दिवे लावलेले, तीन पिवळे आणि एक हिरवा, दोन्ही लेनना वेगवेगळे. आतलं सामान मोडीतलं. दिवा बदलला की डबा त्या लेनच्या अंगाला टक करायचा. मामा नेहमी डाव्या लेनला, डब्याला खेटून बसत. ती लेन त्यांना लाभते असं सगळे धरून चालले होते. हिरवा लागायला आणि त्यांचं बोट दाबायला एकच गाठ पडायची. अस्लम बागवान म्हणून एक आंब्याचे व्यापारी होते, क्लबातली सगळ्यात चपळ गाडी त्यांची. ते म्हणायचे, "मामा, तुम्ही झोपंत बी जिंकशीला ओ!"

त्या दिवाळीनंतर मामांनी स्कूटर उसाच्या रसाच्या गाड्यावर घातली. रसवाल्याच्या ग्लासांचा चुराडा झाला, मामांचं कोपर सोलवटलं. मी त्या दिवशी मागच्या सीटवर नव्हते, शाळेला सुट्टी होती. संध्याकाळी शीतलचा फोन आला आणि मी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा, किल्ली त्रिशलाकडं द्या. आता वय झालं."

"कुणाचं?"

"तुमचं! एवढा मोठा गाडा दिसला नाही तुम्हाला?"

"त्यो मधी आला."

"गाडा मधी आला? चालत?"

मला हसू आलं, मामांना आलं नाही. "हे बघ," ते म्हणाले, "क्लबात यिऊन बघ एकदा. पंचविशीतली पोरं दिव्याला माझ्या मागं असत्यात. नजर गेलेल्या माणसाला जमतंय व्हय हे?"

मलाही ते पटलं. डोळ्यांनी अधू माणूस दिव्याला एकदाही चुकत नाही, हे कसं शक्य आहे?

"मोसमाची शेवटची शर्यत हुंदे," मामा म्हणाले. "दिव्याला माझा हात चुकला, तर तिथल्या तिथं किल्ली त्रिशलाच्या हातात. परत मागायचो न्हाई. आणि न्हाई चुकला, तर हा विषय तू परत काढायचा न्हाई. बोललो."

मामा 'बोललो' म्हणाले की ते काळ्या दगडावरची रेघ. माझी गत मात्र धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली. त्या स्कूटरवर ते सकाळी बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जात, मला शाळेत सोडत, भाजी आणत, क्लबात जात. तेवढी काढून घेतली की त्यांच्या वयाच्या इतरांसारखे तेही खिडकीत बसून येणारा-जाणारा मोजणार. ते मला बघवलं नसतं. आणि रस्त्यात कधी काय होईल, ही धास्तीही जात नव्हती. त्यांनी जिंकावं की हरावं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गाडी आम्ही दोघांनी मिळून केली. खरं सांगायचं तर मी केली आणि त्यांनी करवून घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री माझ्या हातात दिली.

"मामा, माझ्यानं जळेल सगळं."

"जळंल की. हात बसू दे. चित्रं काढणारा हात तुझा, माझ्यापेक्षा झ्याक बसंल."

मी डाग द्यायची, ते नखानं चाचपून सांगायचे. "डावीकडं उतरलंय. काढ, परत दे." चाकांचा आस दोन बोटांत धरून फिरवायचे आणि म्हणायचे, "वाकडा हाय, केसभर." मी उजेडात धरून बघायची, मला सरळ दिसायचा. फिरवून पट्टीला लावला की खरंच केसभर वाकडा निघायचा. दात्यांची चाकं एकमेकांना कितपत भिडवायची, ते मधे कागदाची पट्टी घालून मी बघायची. तांब्याची वेणी, जी खालच्या पट्टीवरून वीज उचलते, ती प्रत्येक फेरीआधी मीच विंचरायची. शिशाचे तुकडे कुठं चिकटवायचे ते मामा सांगत, वजनकाट्यावरचा आकडा मी वाचायची.

"मोठ्यानं वाच," ते म्हणत. "मनात वाचलेलं मनातच ऱ्हातंय."

पहिली गाडी जोरात पळायची, पण लहरी. एकदा दोन-वीस, एकदा दोन-पस्तीस. मोटर तापली की तिचा स्वभाव बदलतो, हे मामांनी हेरलं. मग प्रत्येक फेरीआधी ते गाडी उलटी करून मोटर गालाला लावायचे. "अजून थंड हाय," म्हणत थोडी फिरवायचे, परत गालाला. उष्णता मनासारखी झाली की "लाव" म्हणायचे. आम्ही मोटर बदलून मंद घेतली, वजन वाढवलं, आणि हळूहळू गाडी वळणावर आली. मला त्या दिवसांत फार सुख होतं. माझे वडील मी लहान असताना गेले. मला कुणी मन लावून काही शिकवलंय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

सकाळी शाळेत सोडतानाही मामा मला गप्प बसू देत नसत. "रस्त्याचं कायबाय सांगत ऱ्हा," म्हणायचे, "म्हंजे तुला झोप न्हाई आणि मला कंटाळा न्हाई." मग मी मागं बसून बडबड करायची. मामा, म्हैस बघा कशी ऐटीत निघालीय. मामा, खड्डा. मामा, ती साडी बघा, असल्या रंगाचा पडदा होता आपल्याकडं. आणि हो, वर्षभरापासून त्यांनी दिवस मावळायच्या आत जेवायचं व्रतही धरलं होतं. आधी सासूबाई ओरडून थकल्या तरी न पाळणारा माणूस आता उन्हं कलली की कुठंही असो, घरी हजर. उशिरा का होईना सुबुद्धी झाली, असं बसदीतल्या बायका म्हणायच्या.

शेवटची शर्यत मामा आणि अस्लमभाई यांच्यात ठरली. मोसमातले पहिले दोघं, एकच फेरी. गोदाम भरलं होतं. आप्पांनी ट्रॅकच्या डोक्याशी काहीतरी कापडाखाली झाकून ठेवलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद होता.

आधी सरावाच्या फेऱ्या झाल्या. त्यांना दिवे नसतात, नुसती गाडी सोडायची आणि वेळ बघायची. दोन-चाळीस. दोन-चाळीस. मामांनी मान हलवली आणि आप्पांनी पाटीवर लिहिलं. अस्लमभाई एक-नव्वद बोलले. म्हणजे मामांचा हिरवा अस्लमभाईंच्या अर्धा सेकंद आधी लागणार होता.

मग आप्पांनी कापड ओढलं. खाली नवा कोरा दिव्यांचा खांब होता, काळा, चकचकीत. त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं करून पाठवला होता. आप्पांनी बटण दाबून दाखवलं. तीन बारीक पिवळे ठिपके एकामागून एक उमटले आणि खाली हिरवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या, जरा मागून.

"आवाज बी न्हाई की ओ ह्याला!" अस्लमभाई म्हणाले.

"कशाला आवाज पायजे? लवंगी माळ हाय व्हय?" आप्पा खूश होऊन म्हणाले.

मामा म्हणाले, "आप्पा, जुना डबा कुठं हाय?"

"भंगारात घातला कालच."

"मोसमभर त्याच्यावरच खेळलोय की. शेवटची बी त्याच्यावरच घेतली असती."

"काय मामा, तुम्हीच घाबरताय? सगळ्या क्लबात नजर म्हंजे तुमची! तुम्हाला डबा काय आणि खांब काय."

लोक हसले. मामाही हसले. "तसं न्हवं," म्हणाले. मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांनी मोटर गालाला लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच धरून ठेवली. मला वाटलं, तापली नसेल.

क्लबात एक कडक नियम होता. गाड्या रेषेवर लागल्या की मागच्यांनी तोंड मिटायचं. कुणी आपल्या माणसाला 'हां' जरी म्हटलं तरी तो माणूस बाद. गोदामात एकदम शांतता झाली. मामा पुढं वाकले. तेव्हा मला दिसलं की त्यांचं तोंड खांबाकडं नव्हतंच. त्यांनी मान वळवून उजवा कान खांबाकडं केला होता.

पहिला पिवळा लागला. दुसरा. तिसरा.

मामांचा हिरवा लागला.

त्यांचं बोट हललं नाही. ते वाट बघत होते. नाही, ऐकत होते. गोदामातलं प्रत्येक माणूस तो हिरवा ठिपका बघत होतं आणि एकट्या मामांपर्यंत तो पोचला नव्हता. त्या अर्ध्या सेकंदात मला सगळं कळलं. नखानं चाचपणं, मोठ्यानं वाच, डब्याला खेटून बसणं. एक शब्द, फक्त एक शब्द माझ्या घशात आला होता. तो उच्चारला तरी शर्यत जाणार होती, गिळला तरी जाणारच होती. मी पदराचा बोळा मुठीत धरून नुसती उभी राहिले.

अस्लमभाईंची गाडी झूंकन सुटली. तो आवाज ऐकल्याबरोबर मामांनी बटण दाबलं.

आमची गाडी किती सरळ, किती शहाण्यासारखी गेली! पण अस्लमभाईंची केव्हाच पोचली होती. मग कुणीतरी म्हणालं, "मामा, डुलकी लागली काय ओ?" आणि हशा पिकला. प्रेमानंच हसले सगळे, पण मला त्या सगळ्यांना बाहेर हाकलून द्यावंसं वाटलं.

"त्रिशला," मामा म्हणाले, "वाच."

मी टायमरवर वाकले. "दोन-चाळीस."

"मोठ्यानं."

"दोन-चाळीस, मामा."

"गाडीनं शब्द पाळला," ते म्हणाले. उठून त्यांनी अस्लमभाईंचा हात हातात घेतला, आप्पांना खांब झकास झालाय म्हणून सांगितलं, एक गुळाचा खडा तोंडात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले.

स्कूटरजवळ येऊन त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढं केली. मी हात पसरला. किल्ली माझ्या हातात आली नाही, ती वीतभर डावीकडं, हवेतच थांबली. मी माझा हात तिच्याखाली नेला.

"कधीपासून, मामा?"

"दीड-दोन वर्षं झाली. डोळ्यांचा पडदा खराब झालाय, साखरेनं. मधी मधी दिसतंय, मधी मधी काळं. डाक्टर म्हणला, हाय तेवढं राखूया. गेलेलं परत येत न्हाई."

"डॉक्टरकडं एकटेच गेलात?"

"रिक्षानं गेलो की."

"मला सांगायचं नाही होय?"

"सांगून तू काय केली असतीस?"

आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

"आणि ते दिवे?"

"दिवे कुठले गं. तीन टका मोजायच्या आणि चौथ्या टकंला दाबायचं."

किल्ली माझ्या हातात होती, पण मला स्कूटर येत नव्हती. कधी शिकायची वेळच आली नव्हती, मामा होते ना. दोघांच्यात एक स्कूटर आणि चालवणारं कुणी नाही. शेवटी आम्ही ती ढकलत घराकडं निघालो. हँडल मी धरलं, मामा मागच्या सीटवर हात ठेवून चालले. ऊन उतरून गेलं होतं, दुकानांतून दिवे लागायला लागले होते.

"दिवस मावळला, मामा. आज तुमचं जेवण हुकलं."

"कसलं हुकतंय? गेल्यावर जेवू की," ते म्हणाले. "अंधारात घराबाहेर ऱ्हायला नको म्हणून धरलं होतं ते. देवाला ठावं हाय."

बसदीतल्या बायकांना हे सांगायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं.

दसरा चौकात सिग्नल लागला. आम्ही रिक्षा आणि मोटारसायकलींच्या मधे स्कूटर घेऊन उभे राहिलो. लोक बघत होते. पेट्रोल संपलं असेल, असं त्यांना वाटलं असणार.

"झाला?" मामांनी मागून विचारलं.

हा प्रश्न मी नवा ऐकत नव्हते. रोज सकाळी, याच चौकात, याच आवाजात ते मला विचारायचे, 'झाला?' आणि मी मागून म्हणायची, 'झाला, चला.' मामा, म्हैस. मामा, खड्डा. मामा, सायकलवाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन वर्षं मी त्या स्कूटरवर मागं बसून गप्पा मारत होते, असं मला वाटत होतं. चालवत होते मी. आणि ज्या दिवशी मी मागं नव्हते, त्या दिवशी रसवाल्याचा गाडा मधे आला होता.

डोळ्यांत पाणी भरून आलं आणि समोरचा लाल दिवा पसरट होऊन वाहायला लागला. रडायची सोय नव्हती. दोघांपैकी एकाला तरी दिसायला हवं होतं. मी पदरानं डोळे कोरडे केले आणि दिव्याकडं बघत राहिले.

"त्रिशला? झाला का?"

"थांबा, मामा."

मागून हॉर्न वाजायला लागले.

"झाला," मी म्हणाले. "चला."